आपोआप पाणी चढवणारं चाक

बा, लोक आपापले शोध कागदावर उतरवून आमच्या कार्यालयात पाठवतात, आणि त्यांना पेटंट द्यायचं की नाही हे तपासणं माझं काम आहे. तुला हसू येईल असे अर्ज येतात. एकानं टोपी केली आहे, ती घातली की भूक लागत नाही म्हणे. एकाच्या गाडीच्या टपावर पंखा आहे. गाडी पळाली की पंखा फिरतो, त्याची वीज गाडीला मिळते, आणि गाडी जन्मभर पळतच राहते. एका निवृत्त मास्तरांनी ढग खाली ओढणारा तांब्याचा खांब काढला आहे. मी सगळं नीट वाचते आणि ठरलेलं वाक्य लिहिते: निसर्गाच्या नियमांविरुद्ध असल्यामुळे नामंजूर.

गेल्या महिन्यात पाणी चढवणाऱ्या चाकाचा अर्ज आला. आकृती उघडली आणि मी थेट मोखाड्याजवळच्या आपल्या पाड्यावर पोचले. उन्हाळा आहे, आश्रमशाळेला सुट्टी लागली आहे. झऱ्यावरून वर येताना आई हंड्यासकट घसरली, तिचा पाय मोडला आहे, आणि तू सायकलच्या दुकानातलं काम सोडून अंगणात बसला आहेस. मोडक्या रिमा जोडून तू माणसाएवढं चाक केलंस, कडेनं झुलते दांडे लावलेस, त्यांच्या टोकांना दगड बांधलेस. एक बाजू कायम जड राहील, चाक आपोआप फिरत राहील आणि पाणी वर ओढेल, असा तुझा हिशोब. आई खाटेवरून विचारते, "खरंच फिरल का हे?" तू म्हणतोस, "तुझा पाय बरा होयाच्या आत पानी दारात." तू चाकाला हात देतोस. ते फिरतं, सगळा पाडा ओरडतो, मग ते हळू होतं आणि थांबतं. "जरासंच अडकतंय," तू म्हणतोस आणि तेल घालतोस. तू दगड बदललेस, दांडे बदललेस. आईचा पाय वाकडा जुळला आणि तिनं पुन्हा हंडा उचलला.

मग रस्त्याच्या कामावर आलेल्या एका साहेबांना तू घरी घेऊन आलास. ते भले होते, हसले नाहीत. म्हणाले, "हे नियमात बसत नाही."

"कोनाच्या? सरकारच्या?"

"निसर्गाच्या. चाकाला जेवढं द्याल त्याहून जास्त ते परत देत नाही."

तू चाकावरून हात फिरवलास. मग म्हणालास, "सरकारचा आसता तर अर्ज तरी केला आसता." त्या दिवाळीनंतर तू वीटभट्टीवर गेलास. पुढच्या वर्षी तिथूनच ताप घेऊन आलास, आणि जव्हारच्या दवाखान्यात नेईपर्यंत तू गेला होतास.

गेल्या महिन्यातल्या त्या चाकाचा अर्जदार सुनावणीला स्वतः आला. म्हातारा शेतकरी, धुवून इस्त्री केलेला सदरा. म्हणाला, "मॅडम, एकदा येऊन बघा. थोडक्यात अडतंय. आमच्या हिला आता चढण चढवत नाही." मी त्याला पाणी दिलं, समजावलं, आणि अर्ज नामंजूर केला. निर्णय बरोबर होता. जगात कुठंही गेला असता तरी त्याला हेच उत्तर मिळालं असतं.

गेल्या आठवड्यात घरी गेले होते. दारात आता नळ आहे, त्याला पाणी नाही. उन्हाळ्यात टँकर खालच्या रस्त्यापर्यंत येतो, तिथून वर वहिनी आणते, त्याच चढणीनं. तुझ्या चाकावर आईनं कारल्याचा वेल सोडला आहे. ती पाड्यात सांगत असते, "माझी पोर नवी यंत्रं पास करते." मी तिला कधी खरं सांगितलं नाही. त्या दिवशी वहिनी हंडा उतरवत होती. तिच्याकडे बघत आई मला म्हणाली, "पानी वर चढवनारं एखांदं आलं का गं तुज्याकडं?"

"अजून नाय," मी म्हणाले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, बा. मला नुसतं "नाय" म्हणता आलं नाही, एवढंच.