पोचा पडलेलं ताट आणि तीन पॉइंट चौदा

नाशिक, गंगापूर रोड
१२ सप्टेंबर २००१

चि. गोरक्ष यास अक्काचा आशीर्वाद. आईला माझा नमस्कार सांग, आणि तिच्या गुडघ्याला तेल तू स्वतः चोळतोस की नुसतं तुझ्या छायाला सांगून मोकळा होतोस, तेही कळव. इकडे भाग्यश्री बरी आहे, मळ्यातला झेंडू बरा आहे. मी मात्र बरी नाही. मला राग आलेला आहे आणि तो उतरायच्या आत लिहायला बसले आहे. पत्रासोबत गोणपाटात गुंडाळून जे पाठवलं आहे, ते पत्र संपेपर्यंत सोडायचं नाही. (तू आधीच सोडलं असशील. लहानपणापासून तुझी तीच खोड.)

भाग्यश्रीच्या शाळेत यंदा गणिताला शेखर सर आहेत. तरुण आहेत, कुठलंसं शिबिर करून आले आहेत. तिथे त्यांना सांगितलं की पोरांनी गणित पाठ करायचं नाही, हातानं करायचं. मला ते फार आवडलं. मी स्वतः शाळेत गेले नाही, फुलं बांधायच्या रद्दीवर बोट ठेवून ठेवून वाचायला शिकले, त्यामुळे हातानं शिकलेलं विसरत नाही हे मला कोणी सांगायला नको. सरांनी घरातल्या पाच गोल वस्तू मोजून आणायला सांगितल्या. कडेभोवती सुतळी फिरवायची, तो परीघ. मधोमध आडवं मोजायचं, तो व्यास. परिघाला व्यासानं भागायचं. वस्तू बांगडीएवढी असो की विहिरीएवढी, उत्तर तीन आणि वर थोडं येतं. मी दोन दिवस घरातलं दिसेल ते मोजत सुटले. पोळपाट, डब्याचं झाकण, ह्यांच्या सायकलचं चाक, पाण्याचा पिंप. दर वेळी तीन आणि वर थोडं! एवढं वय झालं, रोज भाकऱ्या थापते, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?)

पाचवी वस्तू म्हणून भाग्यश्रीनं ह्यांचं पितळी ताट घेतलं. ह्यांच्या माघारी दोन वर्षं ते फळीवर पालथं आहे, त्यात कोणी जेवत नाही. परीघ आला त्र्याण्णव सेंटिमीटर, व्यास अठ्ठावीस, आणि उत्तर तीन पॉइंट बत्तीस. ताटाला एका बाजूनं पोचा आहे, तिथून आडवं मोजलं की व्यास कमी भरतो. पोरीनं जे भरलं ते लिहिलं. सरांनी लाल शाईनं लिहिलं, ‘चूक. पुन्हा मोज.’ तिनं पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं. पुन्हा ‘चूक’. तिसऱ्या दिवशी वहीत तीन पॉइंट चौदा, खाली ‘छान!’ आणि एक चांदणी.

मी वही बघितली आणि खिळ्याकडे बघितलं. सुतळी काल लावली होती तशीच लटकत होती. विचारलं, ताट कधी मोजलंस? म्हणाली, “मोजलं नाही आई. अठ्ठावीसला तीन पॉइंट चौदानं गुणलं आणि आलं ते परीघ म्हणून लिहिलं. सगळी पोरं तसंच करतात. निकितानं तर बादली बघितलीसुद्धा नाही.” गोरक्ष, परीघ लिहिला होता सत्त्याऐंशी पॉइंट ब्याण्णव! सुतळीनं! सोनारसुद्धा इतकं बारीक मोजत नाही. आणि हे खोटं तिनं बापाच्या ताटाबद्दल लिहिलं, आणि त्यावर चांदणी मिळवली.

दुसऱ्या दिवशी ताट पिशवीत घालून शाळेत गेले. वर्ग भरलेला होता. सर म्हणाले, “ताई, ताट वाकडं आहे. हे वर्तुळच नाही.” मी म्हटलं, मग तसं लिहा ना! ताट वाकडं आहे, मुलीनं बरोबर मोजलंय, असं लिहा. चूक कोणाला म्हणालात? ते म्हणाले, पायची किंमत ठरलेली असते. मी म्हटलं, ठरलेलीच आहे तर पोरांना सुतळ्या घेऊन घरभर कशाला फिरवता? तुम्ही मोजून दाखवा. भला माणूस, लगेच शाळेची घंटा काढून आणली आणि सगळ्यांसमोर मोजली. तीन पॉइंट एकोणीस. मग मागच्या बाकावरून निकिताचा आवाज आला, “सर, चूक. पुन्हा मोजा.”

पोरं पोट धरून हसली. सरांचे कान लाल झाले, आणि त्या भरात ते बोलून गेले की असलं मोडकं ताट घरात ठेवता कशाला, मोडीत द्या. मग मी त्यांना चार शब्द ऐकवले आणि घरी आले.

त्या पोच्याबद्दल तुला आम्ही सांगितलं होतं की वरून घागर पडली. ते खोटं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भाजी खारट झाली म्हणून ह्यांनी ताट भिरकावलं, ते उंबऱ्याच्या दगडावर आपटलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच नवं ताट आणायला भांडीबाजारात गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. म्हणाले, नको, हेच राहू दे, मला दिसायला हवं. पुढे अठरा वर्षं पोचा आपल्याकडे करून जेवले. भाजी पुष्कळदा खारट झाली. (कधी कधी मी मुद्दाम केली, बघायला.) ताट पुन्हा उचललं नाही.

आईला हे वाचून दाखवू नकोस.

तुझी
अक्का

ता. क. सरांनी काल वहीतली चांदणी खोडली आणि लिहिलं, ‘ताट वाकडे. पहिले मोजमाप बरोबर.’ खाली सही. माणूस वाटला तेवढा वाईट नाही.

ता. क. २. वर ‘चार शब्द ऐकवले’ असं लिहिलं आहे, ते पुरतं खरं नाही. फळ्यावर वर्तुळ काढायचा सरांचा मोठा लाकडी कंपास टेबलावर होता. मोडीत द्या म्हणाले तेव्हा तो माझ्या हातात आला आणि मी तो टेबलावर आपटला. गोणपाटात तोच आहे, दोन तुकडे. सरांनी हेडमास्तरांना सांगितलं, ‘माझ्याच हातून पडला.’ पुन्हा खोटं! ह्या माणसाला काय म्हणावं? तुमच्या नामपूरच्या बुधा सुताराकडून तो जोडून घे. नवा करून पाठवू नकोस. जोड झाकू नको म्हणावं, पॉलिश तर मुळीच नको. मीच तो हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे. आणि लवकर पाठव. तोवर सर फळ्यावर हातानंच वर्तुळं काढतात. भाग्यश्री सांगते, एकही धड गोल येत नाही, आणि पोरं ती मोजून भरेल तेच लिहितात.