अँग्रीच्या पुढे ऑन

सर, १३ ऑक्टोबर १९८७, मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. कल्याणच्या आपल्या शाळेत आम्ही सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो आणि तुम्ही शिपायाबरोबर मुख्याध्यापकांची सूचना वही पाठवलीत. इंग्रजीच्या पेपरात ‘अँग्री’च्या पुढे ‘ऑन’ हेच बरोबर धरावे, ‘विथ’ लिहिल्यास गुण कापावा.

मी तशीच उठून तुमच्या खोलीत आले. माणसावर रागवायचं तर विथ, हे मला कॉन्व्हेंटमध्ये नऊ वर्षांची असताना शिकवलंय, असं सांगितलं. तुम्ही चहा बशीत ओतत होतात. “बाई, आपण रागावतो ते माणसावर. वर म्हणजे ऑन. यात कॉन्व्हेंट कुठून आलं?” मग आपण कुत्र्याला घाबरतो म्हणून अफ्रेड टू डॉग म्हणायचं का, असं मी विचारलं. तुम्ही विचारात पडलात, आणि मला धास्ती वाटली की आता तीही सूचना निघणार. वहीत सगळ्यांनी सह्या केल्या. पी.टी.च्या सरांनीसुद्धा, ज्यांना एकही पेपर तपासायचा नव्हता. मीही केली.

सातवीत ‘विथ’ एकीनेच लिहिलं होतं, कारण वर्गात माझं ऐकणारी तेवढी एकच. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. अर्धा गुण गेला आणि त्याबरोबर पहिला नंबर. पहिल्या नंबराने संमेलनात इंग्रजी भाषण करायचं ही तुमचीच प्रथा, आणि दरवर्षीसारखी पोरगी पहिली येणार हे धरून तिच्या आईने अख्ख्या मासळीबाजाराला आमंत्रण देऊन ठेवलेलं.

ती माउली टोपली बाहेर ठेवून वर्गाच्या दारात येते. “बाय, माझे पोरीचा काय चुकला, ता दाखव.” तुम्ही व्हरांड्यात हात मागे बांधून उभे. मी पेपर उघडते, बोट ठेवते आणि म्हणते, “हे उत्तर चुकलंय.” मुलगी माझ्याकडे बघत राहते. मग आईचा पदर ओढते. “चल आये. बाईंचा बरोबर हाय.”

भाषण दुसऱ्याच मुलाने केलं. ‘आय अ‍ॅम व्हेरी हॅपी ऑन यू ऑल’ म्हणाला, आणि पहिली टाळी तुमची.

तेव्हा तुमच्याच भाषेत कळवते. येत्या सोमवारी दुपारी बारापर्यंत लेखी खुलासा करावा. मुदतीत न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, ही सबब चालणार नाही. खुलासा त्या मुलीच्या नावे लिहा. ती ठाण्याला असते, पत्ता माझ्याकडे कधीचा आहे. तिला एकच पाकीट पाठवू, कारण माझाही खुलासा अजून लिहून व्हायचाय.