तटावरचा पिंपळ

आई, आपलं घर सोमवारी रिकामं करायचंय. दिंडोशीला भाड्याची खोली मिळाली, निम्मं सामान तिकडे गेलं, आणि मी वेसाव्याच्या या घराच्या ओट्यावर बसून तुला लिहितेय. पाठवणार कुठे म्हणा. तुझा म्हणून मला ठाऊक असलेला हा एकच पत्ता, तोही आता जाणार. जुन्या गावाच्या तटावर बांधलेलं काळ्या दगडाचं घर म्हणून लोक अजून फोटो काढायला येतात. मागच्या बाजूने तट फुगलाय, मोरीच्या भिंतीत हात जाईल एवढी फट पडलीय. पिंपळाने पार वाट लावली.

मी चौथीत असताना तटाच्या फटीतला पिंपळाचा कोंब उपटून तुला दाखवायला आणला होता. तू सुकट निवडत बसली होतीस. तशीच उठलीस आणि माझ्या थोबाडीत मारलीस. पिंपळाला हात लावायचा नाही, घराला लागतं, एवढंच म्हणालीस. त्याच पावसाळ्यात बाबा तापाने गेले. तू मला कधी दोष दिला नाहीस. पण "तुझा त्यात काही संबंध नाही," असंही कधी म्हणाली नाहीस. मी वाट पाहत राहिले, शाळा संपली, नोकरी लागली तरी पाहत राहिले.

त्यानंतर दर वर्षी पावसाळा सरला की तू शेजारच्या ख्रिस्ती मावशीला हाक मारायचीस. ती लुगडं खोचून तटावर चढायची, कोंब मुळासकट ओढून काढायची, आणि तू दाराआड तोंड फिरवून उभी. एकदा मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत?

"तुमचा देव मला वळखत नाय गं," ती म्हणाली. "माझ्या नावावर कसं लिवंल तो?"

तू हसलीस, तिला वाटीभर कोळंबीचे सोडे दिलेस. म्हणजे देवाने बाबांचं जाणं कुणाच्या नावावर लिहून ठेवलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

मावशी गेली, मग तू गेलीस. तुझ्या वर्षश्राद्धाच्या सुमाराला मोरीमागे दोन पानांचा कोंब दिसला. मी शाळेत विज्ञान शिकवते, फळ्यावर मुळांची चित्रं काढते. घरी येऊन त्या कोंबापुढे उभी राहायचे, हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. एखादा गडी बोलवावा, तर त्याच्याही घरी माणसं असतील, असं मनात यायचं. असं करता करता वर्षं गेली, कोंबाचं झाड झालं. मला त्या झाडाचा राग येत नाही. तुझा येतो. एक वाक्य बोलायचं होतंस.

गेल्या आठवड्यात इंजिनिअर येऊन बघून गेला. मुळं तटाच्या पोटात शिरलीत, आता झाड काढलं तर घरही खाली येईल, म्हणाला. मग त्याने विचारलं, लहान होतं तेव्हाच कुणी काढलं कसं नाही?

"घर बंद होतं," मी म्हणाले.

बंद नव्हतं, आई. मी रोज त्याच मोरीत भांडी घासत होते.