चवळीचे खुडलेले शेंडे

१२ ऑगस्ट, ट्रॉय

अखेर हरणं आली. शेजारचे डेव्ह जंगलालगतच्या रेताड तुकड्यावर हरणं चरायला यावीत म्हणून दोन वर्षं क्लोव्हरचा चारा पेरत होते आणि दर उन्हाळ्यात ते करपत होतं. मे महिन्यात मी म्हटलं, चवळी पेरा. म्हटलं खरं, पण अकोल्याची ॲग्रीची डिग्री घेऊन नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर, कामाची परवानगी नसल्याने बारा वर्षं घरी बसलेली मी, मला कितपत आठवत असणार? आज ते मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. चवळीचे शेंडे खुडलेले, सगळीकडे खुरांचे ठसे. ते शेंडे मी पुन्हा पुन्हा हात लावून पाहिले. तेवढ्यात त्यांच्या भावाचा फोन आला. त्यालाही हरणांसाठी बी निवडायचं होतं. डेव्ह म्हणाले, "थांब, माझ्या एक्स्पर्टला देतो," आणि फोन माझ्या हातात दिला. मी विचारलं, "आधी सांगा, माती कशी आहे?"