न दाखवलेला एकविसावा भाग

६ फेब्रुवारी

एकविसावा भाग रद्द! त्याच्या जागी जुन्या भागांतली दृश्यं जोडून उजळणी दाखवणार.

आमच्या कार्टून मालिकेचा दिग्दर्शक तोमोनागा याने फोनवर सांगितलं. पुन्हा पुन्हा माफी मागत होता. माफी कसली? त्या भागाची सगळी चित्रं चिगुसा तपासून सुधारत होती, आणि चिगुसा परवा स्टुडिओत टेबलावरच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. आता चित्रं कोण सुधारणार?

चिगुसा माझी मुलगी. मुद्दाम लिहून ठेवतो. दिवसभर हे वाक्य दुसऱ्या कोणाचं तरी वाटत होतं.

९ फेब्रुवारी

इथे रुग्णालयात बेशुद्धीला आकडा असतो. जितका मोठा, तितका माणूस खोल. तीनशे म्हणजे तळ. चिगुसा दोनशेवर आहे. चिमटा काढला की हात किंचित हलतो, इतकंच. वर यायचं तर शंभर, मग तीस, वीस, दहा, मग तीन, दोन, एक. शून्य म्हणजे आपण सगळे.

आमच्या मालिकेतही प्रत्येक लढवय्याला आकडा आहे — तेजांक. तो कसा वाढतो, कशाने घटतो, याचे नियम मुख्य लेखक म्हणून मीच लिहिले. तरी एका लेखकाच्या भागात साडेतीन हजारांचा राक्षस दुसऱ्याच्या भागात नऊशेचा होतो. मग मी बैठकीत टेबल बडवतो.

संध्याकाळच्या नर्सने चिगुसापुढे शंभर लिहिलं. मी उठलोच. सकाळी दोनशे, आता शंभर — मधे झालं काय?

"काही नाही हो. मी चिमटा काढला तर तिने माझा हात झटकला. सकाळी नुसता हलवला असेल."

माझी बायको फुसाए चिगुसाच्या पायाला मलम चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या तुमच्या लेखक नाहीत."

१० फेब्रुवारी

पुन्हा दोनशे.

१४ फेब्रुवारी

संहितावाचनाची बैठक. सगळ्यांपुढे कागद, कोणी कोणाकडे बघत नाही.

अडचण सरळ आहे. विसाव्या भागात खलनायक गोउन आमच्या नायकाला, सोराकीला, एका बोटाने लोळवतो. एकविसाव्यात सोराकी डोंगरावर जातो, पाणी वाहतो, घसरतो, श्वास घ्यायला नव्याने शिकतो. चोविसाव्यात, म्हणजे शेवटच्या भागात, गोउनला हरवतो. आता एकविसावा नाही! म्हणजे एका बोटाने लोळलेला मुलगा एका आरोळीवर जिंकणार.

मी म्हटलं, मग हरू द्या त्याला.

मालिकेला पैसे पुरवणाऱ्या खेळणी कंपनीचा माणूस नम्रपणे म्हणाला, की सोराकीचं सोनेरी चिलखत वसंतात दुकानांत येतंय. हरलेल्या मुलाचं चिलखत कोण घेईल?

एरवी मी खुर्चीवर उभा राहिलो असतो. भाषण तयार असतं माझ्याकडे. फुकटचा विजय म्हणजे मुलांशी केलेली लबाडी आहे. जिथे ओरडल्याने बळ येतं, तिथे घाम गाळणारा मूर्ख ठरतो. कुठल्याही देशाची जुनी युद्धकथा उघडा — जिंकण्याआधी कोणीतरी किंमत मोजलेली असते. तप असतं, शाप असतो, तुटलेला हात असतो. ते पान फाडलंत तर उरते ती जाहिरात!

वाक्यं सगळी तोंडात होती. ओळीने उभी होती. बाहेर एकही आलं नाही.

"बरं," म्हणालो.

तोमोनागा मागून जिन्यापर्यंत आला. म्हणाला, "कुसाकाबे-सान, ओरडा ना माझ्यावर. तुम्ही गप्प राहिलात की भीती वाटते."

त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. ते सांगितलं आणि निघालो.

१५ फेब्रुवारी

चिगुसा लहान असताना रविवारी सकाळी आम्ही दोघं अशाच मालिका बघायचो. नायक मरता मरता उठला, की मी तिला समजावायचो. बघ, ही फसवणूक आहे, कारण दाखवलं का त्यांनी? ती भातावर कच्चं अंडं कालवत म्हणायची, "बाबा, तो उठला ना? मग झालं."

मोठी झाली तरी हेच. आम्ही एकाच मालिकेवर आलो तेव्हा एकविसावा भाग तिने मागून घेतला. तोमोनागाला म्हणाली होती, "बाबांच्या प्रवचनाचा भाग मलाच द्या. घामाचा एकेक थेंब काढते. बघू, मग तरी गप्प बसतात का."

१९ फेब्रुवारी

दोनशे.

२१ फेब्रुवारी

शेवटचा भाग लिहून टाकला. रुग्णालयाच्या उपाहारगृहात, एका दुपारी. समोर वाडग्यातल्या सोबाच्या शेवया फुगून गेल्या.

विसावा भाग पाहिलेल्या कोणालाही जे पटणार नाही, तेच लिहिलं. सोराकी पडलेला आहे. गोउन पाठ फिरवतो. सोराकी उठतो.

कसा उठतो, ते लिहिलेलं नाही. खोटं कारण द्यायचं नव्हतं. खरं माझ्याजवळ नव्हतं.

लाज वाटायला हवी होती. मुंग्या आलेल्या पायासारखं काहीतरी — छे, तेही नाही. काहीच नाही.

८ मार्च

ध्वनिमुद्रण. चित्रं अर्थातच तयार नाहीत. पांढऱ्या पडद्यावर नुसत्या रंगीत पट्ट्या. आपली पट्टी दिसली की बोलायचं.

सोराकीचा आवाज मिकोशिबाबाईंचा. पन्नाशीच्या आहेत, नातू आहे. शेवटच्या आरोळीपाशी थांबल्या. "सेन्सेई, ही आणू कुठून? मागच्या लढाईत तर माझ्यात जीव राहिला नव्हता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो. सभागृहं भरवली आहेत याच प्रश्नावर.

तोमोनागाच म्हणाला, "पोटातून आणा." हशा झाला. मग बाईंनी खरंच आणली. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने हेडफोन काढून ठेवले.

मला एवढंच दिसलं, की त्यांच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या.

१२ मार्च

सकाळी शंभर. संध्याकाळी दोनशे. आता विचारत नाही.

२४ मार्च

शेवटचा भाग दाखवला. प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवर फुसाएने लावला, आवाज बारीक करून. सलाईनचा दांडा धरून एक म्हातारबुवा आमच्यामागे उभे होते. सोराकी उठला तसे कुरकुरले, "हा तर मेला होता ना?"

"मेला नव्हता," फुसाए म्हणाली. "पडला होता."

फार कडक स्वरात म्हणाली. म्हातारबुवांनी मान लववली आणि दांडा ढकलत गेले.

प्रेक्षकांनी रात्रीपर्यंत लिहून लिहून आमची सालटी काढली. फुकटचा विजय. नियम कुठे गेले? लेखक झोपला होता का? बरोबर आहे. मीही हेच लिहिलं असतं, आणि चार शिव्या जास्त घातल्या असत्या.

२९ मार्च

आज सकाळी तीन.

डोळे उघडे. नाव विचारलं, सांगता आलं नाही. फुसाएकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

काल रात्री दोनशे होता. मधलं काही कोणी दाखवलं नाही. डॉक्टर कारण सांगायला लागले.

मी म्हटलं, नको.