नेहाचा चुडा आणि माझा नळ

मी तुझ्या नव्या सुनेचा चुडा फोडला, असं तू दापोडीभर सांगत फिरतेस. गोजे, फोडला म्हणू नये, वाढला म्हणावं, एवढं तरी आईनं शिकवलं होतं. आणि वाढली ती एकच बांगडी. बाकीच्या सहा माझ्याकडं डब्यात आहेत.

आता रीतीचं. धाकट्या गोजाबाईस थोरल्या कौशल्याचा आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? जीभ बरी चालते ते कळलं. तू माझा फोन उचलत नाहीस, नेहालाही उचलू देत नाहीस, म्हणून हा कागद.

झालं ते असं. नेहा महाळुंग्याला माझ्याकडं आली, मी नको नको म्हणत असताना पुरणपोळी उलटायला गेली आणि उजवं मनगट तव्याला टेकलं. शेजारीण हळद घेऊन धावली, माझी सून टूथपेस्ट पिळायला लागली (एरवी तिला दातांची एवढी आठवण येत नाही). मी दोघींना बाजूला सारलं. चौथी नापास असले तरी चाकणच्या कंपनीत कॅन्टीनला नऊ वर्षं पोळ्या लाटल्यात मी, आणि सेफ्टीच्या साहेबांनी शिकवलेलं मला पाठ आहे. हात वीस मिनिटं नळाखाली. बर्फ नाही, तूप नाही, हळद नाही. आणि सूज यायच्या आत हातातलं काढायचं. नव्या नवरीचा चुडा उतरवू नये हे मलाही कळतं, पण सुजेला कुठं कळतं? साबण लावून एकेक सरकवली. शेवटची मोरीत पडली आणि वाढली.

तोवर टाकी संपत आली. वरचा भाडेकरू अंगाला साबण लावून ओरडायला लागला. मी म्हटलं, "पंच्यानं पूस बाबा, इथं माझ्या बहिणीच्या सुनेचा हात आहे." मग धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळलं आणि मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी घालणारीला अक्कल आहे. हे तू दापोडीत कुणाला सांगितलं नाहीस.

तुझा लेक ज्ञानेश ठणठणीत आहे ना? शिफ्टला जातो ना? मग अपशकुन कुणाला झाला?

ता.क. उरलेल्या पोळ्या करताना माझाही अंगठा भाजला आणि जुन्या सवयीनं मी पेस्टच फासली. टम्म फोड आलाय. माझ्या सुनेला सांगू नकोस.

आणखी एक. हिरव्या बांगड्या आणून ठेवल्यात, नेहाला भरायला पाठव. आणि उत्तर तू लिहायचं नाही. नेहानं लिहायचं, त्याच उजव्या हातानं. मनगट वळतं की नाही, ते मला अक्षरावरून कळेल.