जड लेन्स

हॅलिफॅक्स, २ ऑगस्ट

प्रिय बाबा,
तुमच्या रसिकाचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण-झोप वेळेवर.

कॅमेऱ्याला नवी लेन्स घेतली. प्रवासाला बरी म्हणून खिशात मावणारी छोटीच घेणार होते. पण आई फोनवर बोलून गेली, की तुमचा उजवा हात हल्ली थरथरतो आणि कोणी आलं की तुम्ही तो उशीखाली लपवता. तिच्यावर चिडू नका. डॉक्टरांकडे गेलात का?

मग मी मोठी, जड लेन्स घेतली. तिने कमी उजेडातही झटकन फोटो निघतो. माणूस हलला तरी स्पष्ट येतो.

टेंभी नाक्याच्या स्टुडिओत तुम्ही आयुष्यभर गिऱ्हाइकांना "हलू नका" म्हणत आलात. गणपतीत येतेय, तुमचा फोटो काढायला. तुम्ही खुशाल हला.

तुमचीच,
रसिका